फळ्यावर नुसतं मुख उरलं

लातूरला ज्या मुलींच्या वसतिगृहात मी काम केलं, तिथं फाटकाच्या आत एक फळा होता. पाणी कधी येणार, मेस कधी बंद, कुणाचं पार्सल आलंय, हे त्यावर लिहायचं काम माझ्याकडं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर गोल आहे आणि मी काना-मात्रा खात नाही. एका शुक्रवारी मी लिहिलं, ‘गर्भाशय मुखाच्या कर्करोगाची लस. रविवारी सकाळी दहा वाजता, खालच्या हॉलमध्ये. इच्छुक मुलींनी मावशींकडे नाव द्यावे.’ मजकूर लस द्यायला येणाऱ्या डॉक्टरबाईंनी फोनवर पाठवला होता, मी तो जसाच्या तसा उतरवला.

अर्ध्या तासात रेक्टर मॅडम आल्या.

“मावशी, हा शब्द फाटकावर? इथं मुलींचे वडील येतात, भाऊ येतात.”

“कोणता शब्द?”

मॅडमनी तो बोटानं दाखवला. तोंडानं उच्चारला नाही.

मी ओलं फडकं घेतलं आणि ‘गर्भाशय’ पुसलं. उरलं ते असं, ‘मुखाच्या कर्करोगाची लस’. पुसताना मला कळलं होतं की आता याचा अर्थ भलताच होतो. पण दुपारची वेळ होती, जेवायची राहिले होते, आणि मॅडमशी वाद घालायचा कंटाळा आला. ही चूक माझी. मॅडमना शब्दाची लाज वाटली म्हणून त्यांनी सांगितलं, मला तर त्या शब्दाची कधीच लाज नव्हती, तरी मी पुसला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत एकही नाव आलं नाही. पोरी फळा वाचून हसायच्या. एकजण म्हणाली, “मावशी, आम्ही काय गुटखा खाऊन राहिलो का?” दुसरी म्हणाली, “मेसच्या आचाऱ्याला द्या, त्याच्या गालात कायम पुडी असती.” रात्रीची हजेरी घेताना बिलोलीची एक मुलगी मात्र मागं थांबली.

“मावशी, नाव लिहा. पण माझं न्हाई, माझ्या बाबाचं. लई तंबाखू खातेत. आता घासबी नीट जात न्हाई तोंडात.”

तिला मी सांगितलं की ही ती लस नव्हे, आणि बाबाला आधी दवाखान्यात दाखव. ती खट्टू होऊन गेली. एवढ्या मोठ्या वसतिगृहात त्या फळ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच निघाली.

रविवारी डॉक्टरबाई लसीचा बर्फाचा डबा घेऊन आल्या आणि तशाच परत निघाल्या. फळा बघून आधी हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं.

“पुढच्या रविवारी परत येते. तोवर तुम्ही बोला त्यांच्याशी.”

“फळ्यावर लिहू?”

“फळा राहू द्या. खोल्यांत जा.”

मी कोण आणि मला हे काम का सांगितलं, ते आता लिहिते. वसतिगृहाआधी मी नांदेडला एका दवाखान्यात बायकांच्या विभागात आया होते. आया म्हणजे फरशी पुसणारी, असं लोकांना वाटतं. फरशी पुसायचीच, पण माझं खरं काम आतल्या तपासणीच्या टेबलापाशी. बाई टेबलावर आडवी झाली की तिच्या डोक्याशी उभं राहायचं आणि तिला बोलती ठेवायचं. गाव कोणतं, पोरं किती, शेतात काय आहे. बाई बोलायला लागली की अंग ढिलं सोडते आणि डॉक्टरला बघता येतं. गप्प राहिली की अंग आवळते, मग दुखतं, मग ती पुन्हा दवाखान्याचं तोंड बघत नाही.

हा कर्करोग कुठं होतो ते सांगते, कारण शिकलेल्यांनाही ठाऊक नसतं. बाईच्या पोटातली पिशवी उलट्या पेरूसारखी असते. तिचं तोंड खाली. त्या तोंडाला हा आजार होतो, म्हणून ‘मुख’. तो एका विषाणूमुळे होतो आणि विषाणू शरीरसंबंधातून येतो. संबंध नवऱ्याशीच असला पाहिजे असं विषाणूला कुणी सांगितलेलं नाही, आणि नवऱ्याशीच असला म्हणून तो यायचा थांबत नाही. बहुतेक बायकांच्या अंगातून तो आपसूक निघून जातो. काहींच्या राहतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसून मग जखम करतो. लस त्याआधी घ्यायची, जमलं तर लग्नाआधी. एवढीच गोष्ट आहे.

नांदेडला अर्धापूरकडची एक बाई आली होती. केळीच्या बागेत कामाला जायची. वर्षभर ती लुगड्यावरचे डाग केळीच्या चिकाचे म्हणून घरी सांगत होती. केळीचा डाग कितीही धुतला तरी जात नाही हे तिकडं सगळ्यांना माहीत, म्हणून कुणी विचारलं नाही. आम्ही तिला टेबलावर घेतलं तेव्हा वास खोलीबाहेर गेला होता. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि हातमोजे काढले. ती मला म्हणाली, “बाई, मला वाटलं पाळी जाऊन राहिली.” पुढं ती फार दिवस काढू शकली नाही. अशा बायका मी मोजल्या नाहीत. मोजून उपयोग काय होता?

तर सोमवारपासून मी खोल्यांत गेले. मला वाटलं होतं, पोरींना माहिती नाही म्हणून त्या येत नाहीत. माहिती दिली की येतील. तसं मुळीच नव्हतं. एकेकीचं कारण ऐकून मला इतकं नवल वाटायला लागलं की मी ती कारणं फाटकाच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून ठेवली.

पहिली भेटली प्रणिता. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी, वर्गात पहिली. मी तोंड उघडायच्या आत तिनं मला विषाणूचं इंग्रजी नाव, त्याचे प्रकार, नंबर, सगळं सांगितलं.

“परीक्षेला येतं मावशी. पाच मार्काला.”

“मग लिहू का नाव?”

“माझं?” ती खरंच चकित झाली. “मला कशाला?”

इतकं ठाऊक असून ते स्वतःच्या अंगाबद्दल आहे हे तिच्या मनात आलंच नव्हतं. उलट शेजारच्या खोलीतल्या मुलीला काही म्हणजे काही माहिती नव्हती. ती म्हणाली, “डॉक्टरबाई स्वतः म्हणत असतील तर घेते.” संपलं.

सहा नंबरच्या खोलीत चौघी. ड्रेसचं कापडसुद्धा त्या एका ताग्यातलं घेतात. तिघी चौथीकडं बघायच्या, चौथी छताकडं. एक म्हणाली, “दीदीनं घेतली तर आम्ही घेतो.” म्हणजे चार नावं किंवा शून्य, मधलं काही नाही. आणखी एकीनं मोबाईलवर ऐकलं होतं की या सुईनं पुढं मूल होत नाही.

“कोण म्हणालं?”

“एक बाई सांगत होती व्हिडिओत.”

“कोण बाई?”

“नाव न्हाई माहीत. पण पांढरा कोट होता अंगात.”

मी म्हटलं, पांढरा कोट मीही तुला आणून देते, मग मी सांगेन ते ऐकशील का? तिनं विचार करायला दोन दिवस मागितले.

पण सगळ्यात जास्त वेळा जे कारण आलं ते दबक्या आवाजात आलं. “मावशी, घेतली तर लोक म्हणतील, हिला आत्ताच कशाला लागती?” धनुर्वाताची सुई घेताना कुणी असं म्हणत नाही. या मुली अठराच्या पुढच्या. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की कागदावर सही त्यांची त्यांनी करायची, दुसऱ्या कुणाची लागत नाही. तरी प्रत्येकीनं आधी घरी फोन लावला. आणि घरून आई म्हणायची, लग्नानंतर बघू. लग्नानंतर म्हणजे नेमकं उशिरा.

कारणं लिहिता लिहिता मलाही एक टोला बसला. डॉक्टरबाईंनी फोनवर सहज विचारलं, “मावशी, तुमची स्वतःची तपासणी कधी झाली?” नांदेडला मी हजारो बायकांच्या डोक्याशी उभी राहिले, पण स्वतः त्या टेबलावर कधी चढले नव्हते. का, ते मला सांगता येईना. मग गेले आणि करून घेतली. काही निघालं नाही. पण पोरींना शहाणपण शिकवायची माझी खुमखुमी त्यानंतर जरा कमी झाली.

आता शिवकांताचं सांगते. जळकोटजवळच्या गावची, वडिलांचं किराणा दुकान, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. लग्न ठरलेलं होतं. उदगीरचे व्यापारी, मोठं घर. मे महिन्यात अक्षता. या लसीच्या सुया तीन, सहा महिन्यांत पुऱ्या करायच्या. डिसेंबर चालू होता. आत्ता पहिली घेतली तर लग्नाआधी दोन तरी पडतील, असा माझा हिशोब.

ती म्हणाली, “मावशी, आमच्या घरी असलं कुणालाच न्हाई. मला काय व्हायचंय?”

“घरी कुणालाच नाही?”

“न्हाई. आईला पोटात गाठ झालती मी सातवीत होते तवा. ती साधी गाठ. बरी झाली.”

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले, म्हणजे तोंड बंद राहील.

कारण ती गाठ मी बघितली होती. तिची आई मंगल, दहा वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर होती. लातूरला किंवा उदगीरला ओळखीचं कुणी भेटेल म्हणून नवऱ्यानं तिला नांदेडला आणलेलं. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग, पण लवकर सापडलेला. तिला शेक दिले, म्हणजे किरणं, आणि ती वाचली. वाचलेल्यांपैकी म्हणून ती माझ्या चांगली लक्षात होती.

आमच्यात एक पद्धत असते. दवाखान्यात भेटलेली बाई बाहेर, बाजारात, एसटीत दिसली तर आयानं ओळख दाखवायची नाही. ती आधी बोलली तर बोलायचं. शिवकांताला वसतिगृहात सोडायला मंगल आली होती तेव्हा मी फाटकावरच होते. तिनं मला बघितलं, तिचा चेहरा उतरला, आणि ती म्हणाली, “कुठल्या तुमी?” मी म्हटलं, नांदेडची. “आम्हाला न्हाई बाई नांदेड माहीत,” असं म्हणून तिनं पोरीची ट्रंक उचलली. मी समजले. दोन वर्षांहून जास्त ती येत-जात राहिली, मला ज्वारीचे धपाटे आणून देत राहिली, आणि आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो.

आता मात्र मी रजिस्टरमधून नंबर काढला आणि तिला फोन लावला.

“मंगल, मी वसतिगृहातली मावशी. नांदेडची.”

मग ती म्हणाली, “पोरगी बरी हाय नव्हं?”

“बरी आहे. लस घ्यायला नको म्हणते. म्हणते, आमच्या घरी कुणाला नाही.”

“मग नको तर नको.”

“तुला हे म्हणवतं तरी कसं?”

“मावशी, हळू बोला.” ती दुकानात असावी, मागं गिऱ्हाइकाचा आवाज होता. चालत कुठंतरी आडोशाला गेली. “पोरीचं जमलंय. लई मोठं घर हाय. आईला असला रोग झालता म्हणून कळलं तर मोडतील. ह्यानी आन् मी शपथ घेतलीया, चितेवर जाईस्तोवर बोलायचं न्हाई म्हणून.”

“व्याह्यांना सांगू नको. पोरीला सांग.”

“पोरगी सासरी गेल्यावर बोलली तर?”

“मग सांगू नको. नुसतं घे म्हण.”

“घे म्हणलं की ती ‘का’ म्हणून इचारंल. तिला प्रत्येकाचा ‘का’ लागतो.” मग तीच म्हणाली, “तुमीच सांगून टाका की मावशी.”

“मी नाही सांगणार. माझी गोष्ट नाही ती.”

फोन तिनंच ठेवला. मला वाटलं, संपलं. शनिवारी मी नावांचा कागद केला, त्यात शिवकांता नव्हती.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं मंगल आली. एकटी, हातात पिशवी, पिशवीत काही नाही. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच धपाट्यांशिवाय आली. जिन्याखाली माझी खोली आहे. तिथं तिनं लेकीला बसवलं. मी बाहेर आले आणि दार ओढलं. त्या खोलीचं दार नीट लागत नाही. मी तिथून हलले असते तर ऐकू आलं नसतं. हलले नाही.

“शिवे, ती गाठ पोटाची नव्हती.”

“मग?”

“खालची होती. पिशवीच्या तोंडाची. तिचीच ही सुई हाय.”

मी समजत होते पोरगी घाबरली असेल. ती घाबरली नव्हती.

“मला मामाकडं ठेवलंत तीन महिने. मी रोज इचारायचे. मामी म्हणायची आई देवाला गेली, येईल. मला वाटलं तू भांडून गेलीस पप्पासंगं. मला वाटलं तू येत न्हाईस आता.”

“कसं सांगणार होते गं. बारा वर्षांची व्हतीस.”

“आता बावीसची हाय.”

मग तिनं विचारलं, अजून कुणाला माहीत आहे. मंगल म्हणाली, पप्पाला, आणि या मावशीला.

दार उघडलं. शिवकांता माझ्यापुढं उभी राहिली. “रोज सकाळ-संध्याकाळ माझी सही घेऊन राहिलात मावशी. एवढ्या दिवसांत एक शब्द न्हाई बोललात.”

“माझ्या बोलण्यातलं नव्हतं ते.”

“हाव. सगळ्यांचंच असंच असतंय,” ती म्हणाली आणि हॉलकडं गेली.

हॉलमध्ये तिनं डॉक्टरबाईंना तिचा ‘का’ विचारलाच. आईला झाला म्हणून मला होणारच का? डॉक्टरबाई म्हणाल्या, तसं रक्तातून उतरत नाही, विषाणू कुठल्याही बाईला येऊ शकतो, म्हणून सगळ्यांनीच घ्यायची. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही. शिवकांतानं बाही वर केली. सुई झाल्यावर पाव तास बसवून ठेवायचं असतं, कुणाला चक्कर आली तर. मी तिला पाणी दिलं. तिनं ग्लास घेतला, माझ्याकडं बघितलं नाही.

बाकीच्यांचं सांगून टाकते. सहा नंबरच्या दीदीनं छताकडं बघणं सोडलं, त्यामुळं चौघी आल्या. व्हिडिओवाली आली आणि सुई बघूनच आडवी झाली, दहा मिनिटांनी उठून घेतली. प्रणिता आली नाही. तिला पाचपैकी पाच पडले असणार.

शिवकांतानं दुसरी सुई फेब्रुवारीत घेतली. परीक्षा दिली, खोली रिकामी केली, लग्नाची पत्रिका रेक्टर मॅडमना दिली. मला दिली नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण दवाखान्यात राग धरून निघून गेलेल्या बायका मी पुष्कळ बघितल्या होत्या. जिवंत होत्या म्हणून राग धरत होत्या, एवढं मला पुरेसं होतं. एक हुरहूर मात्र राहिली. तिसरी सुई जूनमध्ये, म्हणजे सासरी गेल्यावर. तिथं ती कुणाला काय सांगणार? ज्या भीतीनं मंगल दहा वर्षं गप्प बसली, तिच्यातच मी पोरीला ढकललं होतं. लग्न मोडलं असतं तर दोष माझ्यावर आला असता आणि तो खोटा नसता.

जूनच्या सुरुवातीला फोन आला. नंबर अनोळखी.

“मावशी, शिवकांता. तिसरी सुई लातूरलाच घ्यावी लागती का उदगीरला चालंल?”

“कुठंही चालेल. लस तीच पाहिजे, आधीचा कागद दाखव.” मग न राहवून विचारलं, “घरी काय सांगितलंस?”

“सगळं. आईचंबी.”

“मग?”

“ह्यांना काय कळलं न्हाई, हे म्हणाले घे. अव्वा दोन दिवस बोलल्या न्हाईत.” अव्वा म्हणजे सासू, त्या घरात तसं म्हणतात. “मला वाटलं आता घालवतेत माहेरी. काल मी भाकरी करून राहिले होते, तर शेजारी येऊन बसल्या. म्हणल्या, ती सुई माझ्या वयाला चालती का?”

“त्यांचं वय किती?”

“पन्नाशी झाली.”

“मग नाही. त्यांना लस नाही, तपासणी. पण त्यांनी हे का विचारलं?”

फोनवर भांड्याचा आवाज आला. ती आवाज उतरवून बोलायला लागली. “मीबी तेच इचारलं मावशी. तर म्हणल्या, पाळी जाऊन चार वर्षं झाली. आन् दिवाळीपासून परत अंगावरून जाऊन राहिलंय. कुणाला बोलल्या न्हाईत. मला पहिल्यांदा.”

“उद्याच घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी दोघी लातूरच्या बसस्टँडवर उतरल्या. मीच त्यांना डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात नेलं. सासू चांगली उंच, भारी इरकल नेसलेली, गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी एका हातानं घट्ट धरलेली. शिवकांता रिक्षात माझ्याशी फार बोलली नाही, पण उतरताना माझी पिशवी तिनं घेतली.

डॉक्टरबाईंनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, “पेशंट कोण?”

सासूनं सुनेकडं बोट केलं.

शिवकांतानं ते बोट मुठीत धरलं आणि खाली घेतलं. “मला नुसती सुई पाहिजे मॅडम,” ती म्हणाली, “पेशंट ह्या हायेत.”

सासूनं तिच्याकडं बघितलं. हात मात्र सोडवून घेतला नाही. मग तशीच उठली आणि तपासणीच्या टेबलापाशी चपला काढायला लागली.